सेक्रेटरीची सही

त्या पत्रावर सही माझीच आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्याच्या बाजूला, तारखेसकट. ‘बी विंगच्या अकराव्या मजल्यावरील छज्ज्याखालचे मधमाश्यांचे पोळे तातडीने काढून टाकण्यात यावे.’ काढून टाकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे पत्रात नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सेक्रेटरीपदाचं हे एक बरं असतं. मजकूर ‘करण्यात यावे’मध्ये लिहिला की करणारा कुणीच नसतो.

ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अलीकडे आमची सोसायटी. दोन विंगा काटकोनात, त्यामुळे दहाव्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरातून बी विंगचा तो छज्जा समोर, जरासा वर दिसतो. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी चहा टाकताना वाटलं, कुणाचं तरी काळं फडकं उडून तिथं अडकलंय. दुपारी बघते तो फडकं मोठं झालेलं. चार दिवसांनी परातीएवढं, आणि नाताळ येईतो चांगलं दीड हात रुंदीचं अर्धगोल पोळं. आग्या मोहोळ.

माझं माहेर मुरबाडकडचं, म्हणून माश्यांची तोंडओळख होती. झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात, अंधारात राहणारी सातेरी. एकाला एक लागून सात-सात पोळी बांधते म्हणून सातेरी, आणि पेटीत पाळतात ती आपली देशी माशी हीच. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लावणारी फुलोरी. नांगीच नसलेली, चिलटाची थोरली बहीण वाटावी अशी पोया. आणि आग्या. आग्या पेटीत राहत नाही. तिला उघडं आणि उंच लागतं: कडा, जुना वड, पाण्याची टाकी. तिच्या हिशेबात मागच्या येऊरच्या डोंगराचा कडा आणि आमची बी विंग यांत फरक नाही. बिल्डरनं ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून फ्लॅट विकले होते, ते या एका गिऱ्हाइकानं खरं मानलं.

नवऱ्याची दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतलेली. रविवारी पहाटे ती येऊरला जायची, बाकी सहा दिवस कपाटात. आता ती ओट्यावर डाळीच्या डब्याशेजारी आली. दुर्बिणीतून कळतं की वरवर दिसतं ते पोळं नसतंच, त्या माश्या असतात. एकीच्या अंगावर एक अशा थरांनी पोळं झाकून लटकलेल्या. एखादी गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली की त्या पडद्यावरून एक लाट सळसळत जायची, उभ्या भातावरून वारा जावा तशी. हजारो माश्या एकीपाठोपाठ एक ढुंगण वर उचलतात, त्याची ती लाट. गांधीलमाशी निघून जायची. मग परत सगळं शांत.

पण खरी मजा खालच्या कडेला. तिथं परत आलेल्या माश्या नाचायच्या. माशीचा नाच म्हणजे पत्ता असतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवलं आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. माशी अंग थरथरवत सरळ रेषेत पुढं जाते, मग वळसा घेऊन मागं येते, पुन्हा तीच रेघ, आता दुसऱ्या बाजूनं वळसा. इंग्रजी आठचा आकडा गिरवल्यासारखं. रेघ जितका वेळ चालेल तितकं फूल लांब. आणि सरळ वर म्हणजे सूर्याच्या दिशेनं. जानेवारीतल्या एका दुपारी चारच्या सुमारास एक माशी जवळजवळ सरळ वर चढत नाचत होती. तेव्हा सूर्य येऊरच्या डोंगराकडं कललेला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि मी एका माशीनं दुसरीला सांगितलेला पत्ता वाचला, ‘येऊरला जा.’ वरणाचा गोळा झाला त्या दिवशी. घरात कुणी काही बोललं नाही, पण दुर्बीण कपाटात परत गेली.

तक्रारी तोवर सुरू झाल्याच होत्या. पहिली गाड्यांची. मोहोळाच्या माश्या मधूनच एकत्र बाहेर पडून हवेतच पोट साफ करतात, आणि खाली पिवळ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. चेअरमनची नवी पांढरी गाडी नेमकी त्या उड्डाणाच्या वाटेवर. त्यांना आधी वाटलं वरून कुणी हळदीचं पाणी फेकतंय. सीसीटीव्ही तपासला गेला, त्याची नोंद माझ्या रजिस्टरला आहे. दुसरी तक्रार दिव्यांची. आग्या माशी चांदण्या रात्रीही कामाला जाते, त्यामुळे असेल, बाल्कनीतल्या ट्यूबलाइटकडं ती ओढली जाते आणि रात्रभर आपटून आपटून मरते. अकराव्या मजल्यावरच्या वहिनींना सकाळी केरात पंचवीस-तीस माश्या सापडायच्या. त्यांच्याकडं दीड वर्षाचं बाळ होतं. त्यांचं काय चुकलं?

मग संक्रांत आली. गच्चीवरून पोरं पतंग उडवत होती, एक पतंग कटला आणि मांजा पोळ्यावरून घासत गेला. पुढची पंधरा मिनिटं फार वाईट होती. आग्या ‘उठली’ म्हणतात ते काय असतं, ते मी खिडकी बंद करून बघितलं. एक माशी डंख मारते तेव्हा नांगीबरोबर एक वास सोडते, तो वास बाकीच्यांना बोलावतो. गेटवरचा वॉचमन पोरांना आत ढकलत राहिला आणि स्वतः बाहेर राहिला. त्याला पंधरा-वीस डंख. रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. आग्याच्या हल्ल्यात माणसं दगावतात, ही काही वाऱ्यावरची गोष्ट नव्हे, आणि त्या रात्री मीटिंगमध्ये जे बोलले त्यांची भीती खोटी नव्हती. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. खरं तर थोडंसं त्यासाठीच लिहितेय.

मीटिंग पस्तीस मिनिटं चालली. कुणीतरी म्हणालं, पोळं काढणारी माणसं मिळतात, ती धूर करून माश्या उठवतात आणि पोळं कापतात. ‘अकराव्या मजल्यावर दोरीनं उतरणार का ते?’ ‘पडला तर जबाबदारी कुणाची?’ ‘पाऊस आला की जातात त्या आपोआप.’ ‘पावसाला पाच महिने आहेत, मॅडम.’ पेस्ट कंट्रोलवाला दोन दिवसांत येतो म्हणाला, पैसेही फार नव्हते. ठराव झाला. मी सही केली.

ते रात्री दहानंतर आले. अंधारात माश्या सगळ्या घरी असतात, म्हणून रात्र. गच्चीवरून लांब नळी सोडून फवारा मारला. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. आवाज मात्र आला. आधी एक मोठी गुणगुण, गिरणीसारखी, मग ती तुटक तुटक होत गेली.

सकाळी सफाईवाल्या मावशींनी झाडायला घेतलं तेव्हा दोन घमेली भरली. मी खाली गेले. माश्या एकमेकींत गुंतलेल्या, काहींचे पाय अजून हलत होते. त्यांत पोळ्याचे तुकडे, आणि त्यांच्या घरांत पांढऱ्या अळ्या, तांदळाच्या फुगलेल्या शितासारख्या. भिंतीवरून मधाचा ओघळ सातव्या मजल्यापर्यंत आला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मावशी म्हणाल्या, “मध फुकट गेला ओ. औषध मारलेला खाता पण येत नाय.” मग एक तुकडा उचलून त्यांनी नाकाशी नेला, हुंगला, आणि घमेल्यात टाकला.

फेब्रुवारीत माझ्या लाल भोपळ्याला फुलं लागली. गच्चीवर निळ्या पिंपात वेल लावलेला, बी माहेरचं. भोपळ्याची फुलं दोन जातीची. नर फूल लांब दांड्यावर एकटं उभं असतं. मादी फुलाच्या खाली पहिल्या दिवसापासून गोटीएवढा भोपळा असतोच, पण तो नुसता बेत असतो. पहाटे फूल उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात नर फुलातला पराग कुणीतरी मादी फुलात नेऊन पोचवला तर बेत तडीला जातो, नाहीतर गोटी पिवळी पडते आणि तीन-चार दिवसांत गळते. माझ्या ओळीनं सहा गोट्या गळल्या.

आता इथं मला कथा रचता येईल. माश्या मारल्या आणि भोपळे गळले, पापाचं फळ. पण तसं म्हणणं खोटं आहे. आग्या माशी मैलोन्‌मैल फिरते, गच्चीवरच्या पिंपावर ती कधी उतरली असती कुणास ठाऊक. सोसायटीत खाली पाम आहेत, लॉन आहे, कुंपणाला एकाच उंचीला कापलेली झुडपं आहेत; कात्री लावणारा माळी फुलाला वेळच देत नाही. घोडबंदर रोडच्या कडेची जुनी झाडं मेट्रोच्या कामात गेली. एका मोहोळाची ही गोष्ट नाही. पण गच्चीवर सकाळी सात वाजता उभं राहून, त्या उघड्या केशरी फुलाकडं कुणी येतंय का बघत बसलं की ठराव आठवतोच.

शेवटी मीच माशी झाले. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, आत पिवळ्या पिठानं माखलेला दांडा राहतो, तो मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. चुन्याची डबी उघडून पानाला चुना लावण्याइतकं सोपं काम. तीन भोपळे धरले. एक माझ्या मूर्ख अभिमानाचा, चार किलोचा. मी हे फोनवर भावाला कौतुकानं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “ताई, तुझी तीन फुलं. माझ्या काकडीला रोज किती लागतात, मोजून बघ ये.”

त्याची काकडी म्हणजे भात काढल्यावर विहिरीच्या पाण्यावर घेतलेलं पीक. काकडी, कारली, थोडा भोपळा. होळीच्या आधी गेले तेव्हा अंगणात काकडीचा ढीग दोन भागांत होता. सरळ काकडी कल्याणच्या मार्केटला. दुसरा ढीग बैलांना. त्यातल्या काकड्या कोयत्यासारख्या वाकलेल्या, एका टोकाला फुगलेल्या, दुसरीकडं चिमलेल्या. मी एक मधोमध उभी चिरली. फुगल्या बाजूला बिया भरलेल्या, चिमलेल्या बाजूला नुसते पांढरे पापुद्रे. काकडीत बिया शेकड्यांनी, आणि प्रत्येक बीला आपला वेगळा परागकण लागतो. माशी एकदा बसून गेली तर भागत नाही, त्या एका सकाळीत आठ-दहा फेऱ्या व्हाव्या लागतात. जिथं बी धरलं नाही तिथं गर भरत नाही, म्हणून काकडी वाकते. चौथी-पाचवीपासून शेतात वावरलेल्या माझ्या भावाला हे माहीत होतं. “माशा नाय राहिल्या,” एवढंच तो म्हणाला, पाऊस नाही म्हणतात त्या सुरात.

पॉलिहाऊसवाल्यांची काकडी वेगळी, तिला माशीच लागत नाही. तशी वाणंच काढलीत, बिनबियांची. बियाणं महाग. ती सोय सगळ्यांना परवडत नाही आणि कारल्या-भोपळ्याचं काय, हा प्रश्न राहतोच.

पडवीत त्याच्या फवारणीच्या पंपाशेजारी औषधाची पुडी होती. मावा, तुडतुड्यांवर मारायचं इमिडाक्लोप्रिड. ही आंतरप्रवाही जातीची औषधं, म्हणजे पानावर पडली की रसात उतरतात आणि तिथून फुलाच्या मधात आणि परागातही जातात. मात्रा कमी असेल तर माशी जागेवर मरत नाही, तिला घरची वाट सापडेनाशी होते. माझ्या डोळ्यांपुढं ती नाचून पत्ता सांगणारी माशी आली. युरोपीय संघानं २०१८मध्ये इमिडाक्लोप्रिडच्या घराण्यातली तीन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडं कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते, आणि दुकानदार सांगेल ते प्रमाण.

“निदान सकाळी मारू नकोस,” मी म्हटलं. “सकाळी फुलं उघडी असतात, माश्या असतात. संध्याकाळी मार, फुलं मिटल्यावर.”

“संध्याकाळी दुधाचं असतं ना मला.” मग पंपाचं झाकण फिरवता फिरवता, वर न बघता, “तुम्ही पण संध्याकाळनंतरच मारलं ना, ताई?”

मी त्याला ते सगळं आधीच सांगून बसले होते, ही माझी चूक.

मोबाइलवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरत येतो: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइनस्टाइन म्हणाला होता. आइनस्टाइन तसं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी यांना माशीची गरज नसते. एक तर वाऱ्यावर भागतं, नाहीतर फुलातल्या फुलातच. आपण मरणार नाही. ताटात भात राहील, भाकरी राहील. जाईल ती बाजूची वाटी. २००७ साली जगातल्या ११५ मुख्य खाद्यपिकांचा हिशेब मांडला गेला, त्यात ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या जिवांची गरज निघाली; पण वजनानं मोजलं तर या पिकांचा वाटा एकूण उत्पादनाच्या ३५ टक्के. म्हणजे पोट भरणारं बरंचसं सुरक्षित. काकडी, कारलं, भोपळा, कलिंगड, डाळिंब, सूर्यफूल, धने, कांद्याचं बी हे सगळं त्या दुसऱ्या यादीत. कांद्याचं बी धरणारे शेतकरी डेंगळे, म्हणजे कांद्याचे फुलदांडे, फुलावर आले की मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून बांधावर ठेवतात. जे फुकट मिळायचं त्याचं भाडं सुरू झालं की ते कमी झालंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

भावाला मी पेटी घे म्हणाले होते. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथून जवळचं मांघर हे गाव २०२२मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. तसं काही आपल्याकडंही होईल, असं माझ्या शहरी डोक्यात. त्यानं एकच विचारलं, “शेजारी फवारणार, त्याचं काय? माशी बांध बघत नाय.” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेटीतल्या माशीला इतरही दुखणी आहेत. सातेरीला १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं गाठलं, अळीची पाण्यानं भरलेली पिशवी होऊन ती मरायची; दक्षिणेत पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. अमेरिकेत २००६च्या सुमारास वेगळंच: पेटीत राणी आहे, पिल्लं आहेत, मध आहे, आणि कामकरी माश्या गायब. मेलेल्याही सापडेनात. त्याचं एकच एक कारण निघालं नाही. औषधं, विषाणू, माश्यांच्या अंगावर जगणारी व्हरोआ नावाची गोचिडासारखी बारीक माइट, एकसुरी पिकांमुळं होणारी उपासमार, सगळं मिळून. ती माइट मूळची आपल्या आशियाई सातेरीच्याच अंगावरची. सातेरी तिला झटकते, चावते, तिच्यासकट जगते. युरोपियन माशीला ती सवय नाही.

येऊरच्या पायथ्याला पावसाळ्यात रानभाजी घेऊन एक मावशी बसतात. त्यांच्याकडून मी करटोली घेते. या वर्षी म्हटलं, वेलच द्या की एक, गच्चीवर लावीन. त्या म्हणाल्या, एकानं भागत नाही. करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. “नराला फळ नाय धरत, म्हणून माणसं उपटून टाकतात. मग बाकीच्या वेलांना पण काय लागत नाय, तेव्हा येतात विचारायला.” त्यांनी मला दोन कंद दिले आणि कुठला कुठला ते पानाच्या तुकड्यानं बांधून दाखवलं. मी घरी येईपर्यंत ते सुटलं. आता फुलं येतील तेव्हाच कळेल.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी सेक्रेटरीपद सोडलं. कारण दिलं गुडघ्यांचं.

दिवाळी होऊन बारा दिवस झाले. परवा चहा टाकताना छज्ज्याखाली काळं काहीतरी दिसलं, टोपीएवढं. गेल्या वर्षीचा मेणाचा डाग राहिलाय, त्याच्याच शेजारी. आग्या वर्षानुवर्षं त्याच जागांवर परतते, हे वाचलं होतं. पण ज्या जागेवर गेल्या वर्षीचं कुणीच उरलं नाही, तिथं या आल्या कुठून आणि कुणाच्या सांगण्यावरून? दुर्बीण परत ओट्यावर आणली आहे. बाल्कनीची ट्यूब संध्याकाळी लावत नाही, आणि अकराव्या मजल्यावरच्या वहिनींना, बाळ आता मोठं झालंय तरी, जाळी बसवून घ्या म्हणून सुचवलंय. डासांसाठी, असं म्हटलं. पतंगांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. संक्रांतीला अडीच महिने आहेत.

ग्रुपवर अजून कुणी फोटो टाकलेला नाही. आज सकाळी दूध आणायला उतरले तर चेअरमनच्या पांढऱ्या गाडीवर पिवळे ठिपके. इकडंतिकडं बघितलं, पिशवीतून फडकं काढलं, आणि पुसून टाकले.